स्मार्ट मीटर लावायला माणसं आली तर: आधी काय करायचं, त्या दिवशी काय आणि नंतर काय

सकाळी साडेदहाला शेजारच्या वहिनींचा फोन. "अगं, मीटर बदलायला दोघं आलेत, हे म्हापशाला बाजारात गेलेत, सही मागतायत, करू का?" मी म्हटलं थांबा, आलेच. जाईपर्यंत जुना मीटर भिंतीवरून उतरलेला, सोप्यावर ठेवलेला, काचेवर बारा पावसाळ्यांची बुरशी आणि धूळ. पदराने काच पुसली, मोबाईलने फोटो काढला आणि मग फॉर्म बघितला. फॉर्मवर शेवटचं रीडिंग १८,५७७ लिहिलेलं, मीटरवर आकडा होता १८,५१७. एकाचा सात झालेला. मीटर बदलायला आलेल्या मुलाला दाखवलं, त्याने लगेच खोडून बरोबर लिहिलं आणि बाजूला सही केली, त्याचा काही वाईट हेतू नव्हता, ती काच खरंच धूसर होती. पण ते ६० युनिट वहिनींच्या बिलात आले असते आणि जुना मीटर एकदा गाडीत गेला की पुढे सहा महिने भांडूनही सिद्ध करता आलं नसतं.

त्या दिवसापासून गोव्यातल्या आमच्या वाड्यावरच्या दहा-बारा घरांना मी हेच सगळं तोंडी सांगतेय, म्हणून एकदा नीट लिहून काढते. ज्यांना वीज कायदा, कमिशन वगैरे काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी आहे. माझं म्हणणं एवढंच की दारात उभं राहून तोंडी "नको" म्हणण्याने आपल्या हातात फारसं काही येत नाही, कागदावर मागितलं की बरंच येतं.

मुळात नको म्हणता येतं का?

हा प्रश्न सगळ्यात आधी येतो आणि याचं उत्तर लोक एका शब्दात मागतात, ते एका शब्दात नाहीये. दोन गोष्टी वेगळ्या करा. एक, भिंतीवर स्मार्ट मीटर बसणं, म्हणजे रीडिंग स्वतःच ऑफिसला पाठवणारा मीटर. दोन, तो प्रीपेड चालणं, म्हणजे मोबाईलसारखा आधी रिचार्ज मग वीज. लोक दोन्ही एकच समजतात आणि तिथेच गडबड होते. मीटर तोच, तो पोस्टपेड (आधी वीज मग बिल) पण चालतो, प्रीपेड पण चालतो, मोड ऑफिसातून बदलता येतो, त्यासाठी मीटर काढावा लागत नाही.

आता कायदा काय म्हणतो. वीज कायदा २००३, कलम ५५: अचूक मीटरशिवाय वीज द्यायची नाही आणि तो मीटर केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे हवा. हे मीटरचे नियम २००६ चे, २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन नवीन घरगुती मीटर स्मार्ट असावेत असं आलं, २०२२ च्या दुरुस्तीत जिथे नेटवर्क आहे तिथे प्रीपेड मोडमध्ये द्यावेत असं आलं. त्याआधी ३१ डिसेंबर २०२० ला ग्राहक हक्क नियम निघाले, त्यातही कनेक्शन स्मार्ट प्रीपेड किंवा प्रीपेड मीटरवर द्यावं आणि अपवाद करायचा तर वीज नियामक आयोगाची (विजेचे दर आणि नियम ठरवणारी संस्था) मंजुरी घ्यावी असं आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने वेळापत्रक काढलं, त्यात शेतीची कनेक्शनं सोडून बाकी सगळ्यांसाठी शेवटची तारीख मार्च २०२५ होती. ती तारीख गेली, काम अजून चालूच आहे.

दुसरी बाजू पण त्याच कायद्यात आहे. कलम ४७ चं पाचवं पोटकलम म्हणतं की ग्राहक जर प्रीपेड मीटरवर वीज घ्यायला तयार असेल तर त्याच्याकडून सिक्युरिटी डिपॉझिट मागता येणार नाही. "तयार असेल तर" हे शब्द महत्त्वाचे. ग्राहकाच्या बाजूने बोलणारे लोक देशभर याच शब्दांवर बोट ठेवतात, की संसदेने केलेल्या कायद्यात प्रीपेड ही ग्राहकाची तयारी आहे, मग खालच्या नियमाने ती सक्ती कशी होईल. मला हा मुद्दा पटतो. रेशनवरच्या तांदळावर आणि महिन्याच्या पेन्शनवर चालणाऱ्या घराला आधी पैसे भर मग दिवा लाव हे सांगणं बरोबर नाही, आणि कायद्याच्या शब्दात त्यासाठी आधार पण आहे.

सावंतवाडी-दोडामार्गला ज्यांचे पाहुणे आहेत ते विचारतात, महाराष्ट्रात तर रद्द झालं ना? जून २०२४ मध्ये देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही असं जाहीर केलं होतं, त्यानंतर तिकडे पोस्टपेड स्मार्ट मीटर बसायला लागले. म्हणजे प्रीपेड थांबलं, मीटर नाही थांबला. हा फरक लक्षात ठेवा, आपल्याकडे अर्ज करताना हाच उपयोगी पडतो.

आणि अडवलं तर? कलम १६३ वाचा. वीज खात्याच्या अधिकृत माणसाला वाजवी वेळी, घरात राहणाऱ्याला सांगून, मीटर तपासायला किंवा बदलायला आत येता येतं. तुम्ही अडवलं तर ते लेखी नोटीस देऊ शकतात आणि नोटीस मिळून २४ तास झाले की वीज तोडू शकतात, जोवर अडवताय तोवर. त्यामुळे कुणी व्हॉट्सॲपवर सांगितलं की गेट बंद करा, काही होत नाही, तर ते खरं नाही. घरात आजारी माणूस असेल, ऑक्सिजनचं मशीन असेल, फ्रिजमध्ये इन्सुलिन असेल तर हा धोका घेऊ नका. पण कलमात "सांगून" आणि "लेखी नोटीस" पण आहे, म्हणजे नुसती दमदाटी करून, न सांगता कुंपणावरून उडी मारून मीटर बदलायची मुभा त्यांना पण नाही.

अजून एक पर्याय क्वचितच कुणी सांगतं. कलम ५५ मध्येच ग्राहकाने स्वतः मीटर विकत घ्यायचा पर्याय आहे. तो मीटर मात्र नियमात बसणाराच हवा, खात्याच्या सिस्टिमशी बोलणारा हवा, म्हणजे जुन्या चकतीच्या मीटरवर परत जाता येत नाही. घरगुती ग्राहकाने यात पैसे घालावेत असं मला वाटत नाही, पण पर्याय आहे हे माहीत असू दे.

पहिली पायरी: माणसं यायच्या आधी कागद काढा

मागच्या बारा महिन्यांची बिलं एका ठिकाणी ठेवा. छापील नसतील तर ऑनलाइन काढून फोनमध्ये सेव्ह करा. बिलावर चार गोष्टी बघा: नाव, सीए नंबर (तुमच्या कनेक्शनचा खाते नंबर), मीटर नंबर आणि मंजूर लोड (एका वेळी किती वीज घ्यायची परवानगी) किती किलोवॅट. या बारा महिन्यांचे युनिट एका कागदावर ओळीने लिहा, चवथीचा महिना, एप्रिल-मेचा उकाडा, पावसाळा, सगळं. नंतर बिल वाढलं असं म्हणायला हाच पुरावा.

नावाचं जरा सविस्तर सांगते, कारण गोव्यात अर्धी बिलं अजून आजोबांच्या नावावर आहेत, आजोबा जाऊन तीस वर्षं झालेली. मीटर बदलताना नाव बदलायची गरज नसते, तो वेगळा अर्ज आहे, तेव्हा "नाव पण अपडेट करून देतो" म्हणत कुणी दुसऱ्या कागदावर सही मागितली तर थांबा, घरात चारजणांशी बोला. मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं) घर असेल तर तर नक्कीच. १९७५ च्या मुंडकार कायद्याखाली हक्क सांगताना जुनी वीजबिलं राहण्याचा पुरावा म्हणून कामाला येतात, त्या बिलांची साखळी, तोच नंबर तेच नाव, तुटता कामा नये. नवीन मीटर बसल्यावर मीटर नंबर बदलतो, सीए नंबर तोच राहायला हवा. पहिलं बिल आलं की हे आधी बघायचं.

डिपॉझिटची पावती असेल तर शोधून ठेवा. कनेक्शन घेताना भरलेल्या डिपॉझिटवर कायद्याने व्याज मिळतं, किमान बँक रेटने. उद्या प्रीपेड झालात तर डिपॉझिट ठेवायचं कारणच उरत नाही, ते परत मागता येतं किंवा रिचार्जमध्ये वळवून मागता येतं.

दुसरी पायरी: घरचं वायरिंग बघून घ्या, हे सगळ्यात महत्त्वाचं

नवीन मीटरने बिल वाढलं अशी ओरड जिथे जिथे होते तिथे बऱ्याच वेळा मीटर बरोबर असतो आणि भिंतीतलं वायरिंग चुकलेलं असतं. आमच्याच घरात हे झालं म्हणून खात्रीने सांगते.

आमचं आजोबांचं लांबलचक घर, बाबा आणि काका यांच्यात अर्धं अर्धं, दोन मीटर. विहिरीचा पंप सामाईक. कधीतरी पंचवीसेक वर्षांपूर्वी वायरमनने पंपाला फेज (वीज आणणारी तार) आमच्या मीटरवरून दिली आणि न्यूट्रल (परत जाणारी तार) जवळ पडतं म्हणून काकांच्या बाजूने घेतलं. जुन्या चकतीच्या मीटरवर कुणाला कळलं नाही. आताचे मीटर फेजचा करंट पण मोजतात आणि न्यूट्रलचा पण, आणि दोन्हीत जो जास्त तो धरतात, वीजचोरी पकडायला ही सोय केलेली आहे. मग काय व्हायचं, पंपाचा करंट आमच्या मीटरमधून गेला तो आमच्या बिलात, आणि तोच करंट काकांच्या मीटरमधून परत आला तो त्यांच्या बिलात. एकाच पंपाचे दोनदा पैसे. एका हॉर्सपॉवरचा पंप रोज तासभर चालला तर महिन्याला पंचवीसेक युनिट होतात, तेवढे दोन्ही घरांना. काकू दोन महिने म्हणत होत्या मीटर पळतो मीटर पळतो, आम्ही पण तेच धरून बसलो होतो. शेवटी वायरमनने मीटरवरचा एक छोटा लाल दिवा दाखवला, अर्थ किंवा ईएल लिहिलेला असतो, तो पंप चालू केला की पेटायचा आणि बंद केला की विझायचा.

तपासायला सोपं आहे. तुमच्या घरचा मेन स्विच पूर्ण बंद करा, मग शेजारच्या किंवा भावाच्या भागातलं एखादं उपकरण बंद पडतं का बघा. पडलं तर वायर कुठेतरी एकत्र आहे. उलट बाजूने पण करा. नंतर स्वतः हात घालू नका, लायसन्सवाला वायरमन बोलवा आणि न्यूट्रल वेगळं करून घ्या. इन्व्हर्टर लावलेली घरं, भाड्याच्या खोल्या काढलेली घरं, एका घराची दोन झालेली घरं, यांनी हे केल्याशिवाय नवीन मीटरची वाट बघू नका. बल्ब फेजवरून आणि न्यूट्रलच्या जागी अर्थिंग असलं जुनं काम असेल तर ते पण काढून टाका, ते तसंही जिवाला धोका.

दुसरं कारण म्हणजे जुने चकतीचे मीटर बारीक लोडला हलायचेच नाहीत. सेट टॉप बॉक्स दिवसरात्र चालू असतो, दहा वॅटचा धरला तर महिन्याला ७ युनिट. त्यात वायफायचा राउटर, टीव्हीचा लाल दिवा, सॉकेटमध्ये तसेच ठेवलेले चार्जर. जुना मीटर यातलं बरंचसं सोडून द्यायचा, नवीन सोडत नाही. बिलात दहा-पंधरा युनिट यामुळे वाढले तर ती मीटरची चूक नाही, भिंतीवरचं बटण बंद करणं एवढाच उपाय.

तिसरी पायरी: त्या दिवशी दारात

ओळखपत्र मागा. काम ठेकेदाराची माणसं करतात त्यामुळे सगळे खात्याचे नसतात, तरी अधिकृत असल्याचं कार्ड किंवा पत्र त्यांच्याकडे असायला हवं. शंका आली तर १९१२ या वीज हेल्पलाइनवर किंवा तुमच्या सब-डिव्हिजनच्या ऑफिसला फोन करून विचारा की आज आमच्या वाड्यावर काम आहे का. एवढं विचारलं म्हणून खरा माणूस रागावत नाही.

पैसे देऊ नका. केंद्राच्या २०२१ च्या आरडीएसएस (वीज वितरण सुधारायच्या) योजनेत प्रत्येक मीटरमागे केंद्राचं अनुदान आहे, बाकीचा खर्च मीटर लावणारी कंपनी घालते आणि पुढची वर्षं तो तिला महिन्याच्या हिशेबाने मिळतो. दारात ग्राहकाकडून रोख घ्यायची पद्धत त्यात नाही. याचा अर्थ फुकट आहे असा मात्र धरू नका, हा खर्च उद्या विजेच्या दरात बसू शकतो, त्यावर बोलायची जागा वेगळी आहे, खाली सांगते. पण त्या दिवशी चहा-पाणी सोडून काही द्यायचं नाही.

मग फोटो. जुन्या मीटरचा फोटो भिंतीवर असतानाच, आकडे आणि मीटर नंबर दोन्ही दिसतील असा, काच पुसून. सील दिसेल असा एक वेगळा फोटो, कारण उद्या कुणी म्हटलं सील तुटलेलं होतं तर तुमच्याकडे उत्तर हवं. मग नवीन मीटरचा, सुरुवातीचं रीडिंग आणि नंबर दिसेल असा. नवा मीटर शून्यावरच असतो असं नाही, टेस्टिंगचे एक-दोन युनिट असू शकतात. मग फॉर्मचा फोटो, भरून झाल्यावर, सही करायच्या आधी. फॉर्मवरचे आकडे मीटरवरच्या आकड्यांशी एकेक अंक बोट ठेवून जुळवा, १ आणि ७, ३ आणि ८, ० आणि ६, इथेच चुका होतात. कोऱ्या फॉर्मवर सही नाही. मोबाईलवर ओटीपी मागितला तर तो मेसेज पूर्ण वाचा, कशासाठी आहे ते त्यात लिहिलेलं असतं, प्रीपेडला संमती असं काही असेल तर देऊ नका, आधी विचारा.

फॉर्मची कॉपी मागून घ्या, नसेल देत तर तुमच्याकडे फोटो आहेच.

घरात फक्त म्हातारी माणसं असतील तर शेजाऱ्याला बोलवेपर्यंत थांबायला सांगा, दहा मिनिटं कुणीही थांबतं. तुम्ही स्वतः मुंबईला, पुण्याला किंवा आखातात असाल आणि गावचं घर बंद असेल तर आत्ताच शेजाऱ्याला किंवा भाच्याला एक साधं पत्र देऊन ठेवा की माझ्या वतीने मीटर बदलताना हजर राहायला हा माणूस चालेल, आणि त्याला हाच फोटोंचा क्रम समजावून सांगा. मीटर बाहेर बाल्कांवावर (घरापुढच्या ओसरीवर) असेल तर तुम्ही नसताना पण तो बदलला जाऊ शकतो.

चौथी पायरी: मोड कुठला ते लेखी विचारा

हा अर्ज मीटर बसायच्या आधी दिलात तर उत्तम, नंतर दिलात तरी चालतो. दोन कॉप्या, एकीवर शिक्का आणि तारीख घेऊन परत आणायची. मराठीत द्या, १९८७ च्या आपल्या राजभाषा कायद्यात कोकणीबरोबर मराठीच्या वापराची तरतूद आहे, इंग्रजी येत नाही म्हणून अर्ज अडत नाही. मी वहिनींसाठी लिहिला तो असा:

"सहाय्यक अभियंता, वीज सब-डिव्हिजन, यांस. माझा सीए नंबर अमुक. माझ्या घरी तमुक तारखेला स्मार्ट मीटर बसवला. हा मीटर पोस्टपेड चालू आहे की प्रीपेड, ते लेखी कळवावं. मी प्रीपेडला संमती दिलेली नाही आणि वीज कायदा २००३ च्या कलम ४७(५) प्रमाणे माझी तशी तयारी नाही, मीटर पोस्टपेड ठेवावा. पुढे मोड बदलायचा असल्यास मला आधी लेखी कळवावं. घरात पंचाहत्तर वर्षांच्या सासूबाई आहेत, त्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, त्यामुळे बिल कागदावर मिळावं."

बस, एवढंच. तावातावाने लिहायचं नाही, एक प्रश्न आणि तीन मागण्या. प्रत्येक घराने स्वतंत्र द्यावा, शंभर सह्यांचं एक निवेदन फाईलमध्ये जातं, शंभर अर्जांना शंभर उत्तरं द्यावी लागतात. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात विचारा, ३० दिवसात उत्तर देणं बंधनकारक आहे. आणि रविवारच्या ग्रामसभेत विषय घ्या. ग्रामसभेच्या ठरावाने मीटर थांबत नाही, पण पंचायतीच्या हॉलमध्ये खात्याचे अभियंते येऊन सगळ्यांसमोर उत्तरं देतील असं मागता येतं.

कुणाला प्रीपेड खरंच सोयीचं असेल, भाड्याने खोल्या देणारे, वर्षातून दोन महिनेच घरी येणारे, तर खुशाल घ्या, मी विरोधात नाही. घेताना तीन गोष्टी विचारा: बॅलन्स संपला की लगेच तुटते का, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी पण तुटते का, आणि रोखीने रिचार्ज कुठे होतो. थकबाकीसाठी वीज तोडायची तर कलम ५६ मध्ये पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस लागते, प्रीपेडमध्ये थकबाकीच होत नाही म्हणून ही ढाल हातातून जाते. निवड करताना हे समजून करा. पर्वरी-वेर्ण्याला भाड्याने राहणाऱ्या पोरांनी मालकाशी लिहून घ्या की रिचार्ज कोण करणार आणि बॅलन्सचे मेसेज कुणाच्या नंबरवर येणार, नाहीतर मेसेज मालकाला आणि अंधार तुम्हाला.

पाचवी पायरी: पहिली तीन बिलं

पहिल्या बिलात दोन मीटरचे युनिट एकत्र येतात. हिशेब करा. वहिनींचंच घ्या: आधीच्या बिलावर रीडिंग १८,४५२, उतरवताना १८,५१७, म्हणजे जुन्याचे ६५. नव्याचं सुरुवातीचं २, बिलाच्या दिवशी ६१, म्हणजे ५९. एकूण १२४. बिलावर हेच यायला हवं. बिल महिन्यापेक्षा जास्त दिवसांचं असेल तर स्लॅब पण त्या दिवसांच्या प्रमाणात वाढवून लावलाय का बघा, नाहीतर उगाच वरच्या दराने पैसे जातात.

मीटर पळतो अशी शंका असेल तर घरीच एक चाचणी करा. मीटरवर एक लाल दिवा टिमटिमतो, त्याच्या शेजारी एका युनिटला किती टिमटिम ते छापलेलं असतं, बऱ्याच मीटरवर ३२००. घरातलं सगळं बंद करा, फ्रिजचं पण बटण, आणि जुना शंभर वॅटचा पिवळा बल्ब फक्त लावा. ३२०० वाल्या मीटरवर तीन मिनिटांत १६ टिमटिम व्हायला हव्यात. एखादी इकडेतिकडे चालेल, व्होल्टेज कमी-जास्त असतं. २५ झाल्या तर काहीतरी आहे. सगळं बंद असताना पण टिमटिमत असेल तर आधी घरचं वायरिंग, मग मीटर. आम्ही हे रात्री जेवणं झाल्यावर केलं, पोरं मोजत होती आणि काका घड्याळ धरून उभे होते, कुणाला काही यंत्र लागलं नाही.

बिलावर दोन नवीन शब्द दिसतील. एक मॅक्झिमम डिमांड, म्हणजे महिन्यात एका वेळी जास्तीत जास्त किती लोड घेतला. मंजूर लोड दोन किलोवॅट आणि संध्याकाळी गीझर, एसी, इस्त्री एकदम चालू, तर तो आकडा वर जातो. ग्राहक हक्क नियमांच्या जून २०२३ च्या दुरुस्तीने इथे ग्राहकाला दिलासा आहे: स्मार्ट मीटरने दाखवलेल्या डिमांडवरून मीटर बसायच्या आधीच्या काळाचा दंड लावता येत नाही, आणि मंजूर लोड वाढवायचा तर आर्थिक वर्षात किमान तीनदा तो ओलांडलेला हवा. एका लग्नाच्या मांडवामुळे कायमचा लोड वाढवला जात असेल तर हे दाखवा.

दुसरा शब्द टीओडी, दिवसाच्या वेळेप्रमाणे दर. त्याच २०२३ च्या नियमात उन्हाच्या आठ तासांत दर किमान २० टक्के कमी, आणि गर्दीच्या वेळेत घरगुतीला नेहमीच्या किमान १.१ पट असं आहे. तुमच्या बिलात तो लागू झालाय का ते बिलावर आणि आयोगाच्या दर आदेशात बघा. झाला असेल तर पंप आणि वॉशिंग मशीन दुपारी लावा, फायदा आहे. छतावर सोलर असेल तर नवीन मीटरवर बाहेर दिलेले युनिट वेगळे मोजले जातायत ना हे पहिल्याच दिवशी भर उन्हात डिस्प्लेवर बघून घ्या.

सहावी पायरी: तक्रार, आणि ती कुठपर्यंत नेता येते

आधी सब-डिव्हिजनमध्ये लेखी, नंबर घेऊन. अर्जात "चेक मीटर" हा शब्द हवाच. त्याच ग्राहक हक्क नियमांच्या फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीप्रमाणे, रीडिंग वापराशी जुळत नाही अशी तक्रार केली की पाच दिवसांत दुसरा मीटर शेजारी लावायचा आणि किमान तीन महिने दोन्ही ताडून बघायचे. हा हक्क फार मोठा आहे आणि मागितल्याशिवाय कुणी देत नाही. दर रविवारी दोन्ही मीटरचा एक फोटो काढत जा.

तिथे भागलं नाही तर वास्कोच्या विद्युत भवनातला ग्राहक तक्रार निवारण मंच. वकील लागत नाही, बिलं, फोटो, अर्जाची शिक्क्याची कॉपी एवढं घेऊन जायचं. निकालाला ४५ दिवसांची मर्यादा नियमात आहे. तिथेही नाही पटलं तर विद्युत लोकपाल. आपल्याकडे वीज सरकारी खातंच देतं, खासगी कंपनी नाही, पण दर आणि नियम ठरवतं ते संयुक्त वीज नियामक आयोग, गोवा आणि केंद्रशासित प्रदेशांसाठी मिळून एक, ऑफिस गुरुग्रामला. दर ठरवायच्या आधी आयोग गोव्यात जनसुनावणी घेतो, जाहिरात पेपरात येते. मीटरचा खर्च दरात किती घातला, पोस्टपेडचा पर्याय ठेवणार का, हे विचारायची ती जागा. तिथे उद्योगवाले तयारीने येतात, हॉटेलवाले येतात, घरगुती ग्राहक फार थोडे. दोन मिनिटं बोललात तरी नोंद होते.

सुटे मुद्दे

रेडिएशनची भीती सोडा, मीटर मोबाईलसारखाच अधूनमधून छोटा सिग्नल पाठवतो आणि तो भिंतीबाहेर असतो.

माहितीचं मात्र सोडू नका. अर्ध्या तासाचं रीडिंग म्हणजे घरी कोण कधी असतं, कधी कुलूप असतं, सगळं कळतं. नेदरलँड्समध्ये २००९ साली याच कारणावरून वरच्या सभागृहाने सक्ती नाकारली आणि लोकांना मीटर नको म्हणायचा हक्क राहिला. आपल्याकडे २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, माझी माहिती कुणाला दिली जाते हे विचारायचा हक्क त्यात लिहिलेला आहे. आमच्या गावात अर्धी घरं पावसाळा सोडून बंद असतात, तिथे हा प्रश्न पुस्तकी नाही.

आणि "आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, या नंबरवर फोन करा" किंवा "मीटर अपडेटसाठी दहा रुपये भरा" असे मेसेज आले तर लिंक उघडू नका, कुठलंही ॲप टाकू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, तासाभरात केला तर पैसे अडवले जायची शक्यता जास्त.

आज रात्री दिवा लावायला बाहेर जाल तेव्हा तेवढा जुन्या मीटरचा एक फोटो काढून ठेवा, काच पुसून.